पांढऱ्याला अर्धा इंच

माणसाने झेंडावंदनाला जाताना खिशात मोजपट्टी नेऊ नये. हे मी आता म्हणतो. दोन ऑगस्टला सकाळी साडेसात वाजता मला हे कुणी सांगितलं असतं, तर मी आधी त्याचंच माप काढलं असतं.

आमच्या सिल्वासात झेंडा वर्षातून तीनदा चढतो. बाकी देशाचं दोनदात भागतं. पण पोर्तुगीजांपासून सुटका झाली तो आमचा मुक्तिदिन दोन ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या तेरा दिवस आधी, त्यामुळे एकाच महिन्यात दोनदा पांढरे कपडे इस्त्रीला टाकावे लागतात आणि दोनदा भर पावसात बुंदी खावी लागते. मी इथल्या मराठी शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवतो. मूळचा राजापूरकडचा. येत्या नोव्हेंबरात निवृत्त होईन. तीस वर्षांत मुलांना एकच गोष्ट शिकवली, आधी माप, मग रंग. मुलं आधी रंग लावतात, ती गोष्ट वेगळी.

तर दोन ऑगस्टला सोसायटीच्या पंपरूमसमोर सगळे जमले होते. अध्यक्ष यायचे होते आणि ते नेहमीप्रमाणे यायचेच राहिले होते. वेळ भरून काढायला सेक्रेटरी रमाकांत मला म्हणाले, "नाटेकर सर, तोवर राष्ट्रध्वजाच्या अर्थावर दोन शब्द होऊन जाऊ द्या." रमाकांत मुंबईचे, इथे सरकारी हापिसात आहेत आणि कुणाला न विचारता कार्यक्रमपत्रिका करतात. शिक्षकाला दोन शब्द सांगा म्हटलं की काय होतं हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

मी झेंडा उलगडायला लावला. एका बाजूने वॉचमन झिपरू, दुसऱ्या बाजूने स्वतः रमाकांत. मी मोजपट्टी छडीसारखी धरून सुरुवात केली. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग. पांढरा म्हणजे शांती आणि सत्य. हिरवा म्हणजे समृद्धी. मध्ये धर्मचक्र, आरे चोवीस, कारण जे थांबलं ते संपलं. इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण पांढऱ्या पट्ट्यावर पट्टी टेकवली आणि माझं लक्ष चक्राकडे गेलं. चक्र वरती केशरी रंगाला आणि खालती हिरव्याला टेकलं होतं. म्हणजे त्याला श्वास घ्यायला जागा नव्हती.

आता इथे शहाण्या माणसाने पुढे बोलावं. मी मोजलं. केशरी साडेसात इंच. हिरवा साडेसात. पांढरा सात. लांबी छत्तीस आणि रुंदी बावीस, म्हणजे तीनास दोन हे प्रमाणही गेलं. समोर माझ्याच शाळेची पंधरा-वीस मुलं बसली होती, आणि मुलं समोर असली की मला विनोद सुचतात. मी म्हणालो, "ज्याने कुणी हा झेंडा शिवला, त्याने सत्याला अर्धा इंच जागा कमी दिली आहे!"

हशा पिकला. मुलं तर बाकं वाजवायला बाकं नव्हती म्हणून एकमेकांच्या पाठी वाजवू लागली. हसता हसता सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेतल्या उजव्या खुर्चीकडे वळल्या, आणि तेव्हा मला आठवलं, की हा झेंडा कुसुमताईंनी शिवला आहे.

कुसुमताई तळमजल्यावर राहतात. शिरपूरकडच्या. नवरा मसाटच्या कारखान्यात होता, तो वारला, तेव्हापासून शिलाईच्या मशीनवर घर चालवलं. आमच्या निम्म्या शाळेचे गणवेश त्यांच्या हातचे. त्या बुंदीची परात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पदर सारखा करून त्या एवढंच म्हणाल्या, "व्हय सर. कमी दिसू ऱ्हायलं खरं."

मला त्याच क्षणी वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण थोडंच, कारण तेवढ्यात सुकदेव पुढे आला. सुकदेव मसाटला कापड रंगवायच्या कारखान्यात आहे आणि त्याच्या खिशात रंगांच्या नमुन्यांचं कार्ड असतं, जसं काहींच्या खिशात देवाचा फोटो असतो. त्याने कार्ड झेंड्याला लावलं आणि निकाल दिला, "सर, केसरी पन उडाला. शेड दोन पॉइंट लाइट." पाठिंबा मिळाल्यावर मी कधीच थांबत नाही. मी जाहीर केलं, की पंधरा ऑगस्टला इथे मापाने आणि रंगाने बिनचूक झेंडा चढेल, आणि तो मी स्वतः पदरमोड करून आणेन. "नाही आणला, तर पंधरा ऑगस्टला मी या आवारात तोंड दाखवणार नाही!" टाळ्या पडल्या. दुसरा झेंडा नव्हता म्हणून त्या दिवशी तोच चढवला. संध्याकाळी कुसुमताईंनी तो उतरवून घडी घालून नेला आणि रमाकांतांनी वहीत लिहून टाकलं, 'जुना ध्वज वापरातून बाद.'

घरी आल्यावर नलिनी म्हणाली, "फार छान बोललात." तीस वर्षांच्या संसारात मला या वाक्याचे सतरा अर्थ माहीत झाले आहेत. हा सतरावा होता.

दुसऱ्याच दिवशी वापीला खादीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फॉर्म पुढे केला. त्यावर रकाना होता, 'ध्वज क्रमांक (१ ते ९)'. राष्ट्रध्वजाची नऊ ठरलेली मापं असतात हे मला ठाऊक होतं, आणि तिथेच घात झाला. अर्धवट माहिती असलेला माणूस प्रश्न विचारत नाही. मी विचार केला, चपलेचा नंबर वाढत जातो, शर्टाचा वाढत जातो, चित्रकलेच्या ब्रशचाही वाढत जातो. त्याअर्थी एक नंबर म्हणजे टेबलावरचा चिमुकला झेंडा आणि नऊ नंबर म्हणजे थेट लाल किल्ला. आपली सोसायटी साधी, दुमजली, नऊ बिऱ्हाडांची. मी 'दोन' लिहिलं.

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "बे नंबर? पाक्कुं ने, साहेब?"

"पाक्कुं," मी म्हणालो. माझं गुजराती तेवढंच पक्कं आहे.

आठ तारखेला पार्सल आलं. दोन माणसांनी आणलं. मला वाटलं बांधणी चांगली असेल. नलिनी म्हणाली, "हा झेंडा आहे का सतरंजी?" राष्ट्रध्वज जमिनीला लागता कामा नये, म्हणून मी रमाकांत, सुकदेव आणि झिपरूला वर बोलावलं आणि चौघांनी चार कोपरे धरून उलगडायला घेतला. उलगडतोय, उलगडतोय, संपेना. रमाकांत मागे सरकत सरकत मोरीत गेले. सुकदेव गॅलरीत पोचला. मी सोफ्यावर चढलो. झिपरू दाराबाहेर जिन्यावर उभा राहून ओरडत होता, "सर, अजून हाय का?"

बारा फूट बाय आठ फूट. झेंड्यांचे नंबर उलटे असतात. एक सगळ्यात मोठा आणि नऊ सगळ्यात लहान. आम्हाला हवा होता सहा. हे मला दुकानदाराने फोनवर अतिशय शांतपणे समजावलं आणि वर सांगितलं, की राष्ट्रध्वज बदलून मिळत नाही, आणि सहा नंबर सगळीकडेच संपले आहेत, आता पंधरा तारखेनंतर येतील.

माप मात्र अचूक होतं. तीनास दोन, तिन्ही पट्टे तंतोतंत सारखे, आरे चोवीस. मी सोफ्यावर उभा राहून ते सगळ्यांना दाखवलं. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण हात गुंतलेले होते.

आता तो ठेवायचा कुठे? त्याच्यावर काही ठेवायचं नाही. त्याच्यापेक्षा वर काही असू नये असंही मी स्वतःच ठरवलं. म्हणून तो माळ्यावर गेला आणि माळ्यावरचं सगळं खाली आलं. कुळथाच्या पिठाचा डबा, गणपतीचं मखर, फणसाची साटं, माझी तीस वर्षांची चित्रं. पुढचे चार दिवस आम्ही मखरात पाय न अडकवता स्वयंपाकघरात जायला शिकलो.

सोसायटीत सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणालं, मधून दुमडून चढवा. कुणी म्हणालं, गच्चीवरून भिंतीला सोडा. एका गृहस्थांनी चक्रासकट मधला तुकडा कापून घ्यायला सुचवलं, त्यांच्याशी मी अजून बोलत नाही. दुमडायचा नाही, कापायचा नाही, इमारतीवर पांघरायचा नाही, हे मी प्रत्येकाला ध्वजसंहितेच्या छापील प्रतीसकट समजावलं. शेवटी रमाकांत म्हणाले, "सर, झेंडा लहान होत नसेल, तर खांब मोठा करू."

आमचा खांब अठरा फूट. बारा फुटी झेंड्याला पस्तीस-चाळीस तरी हवा. पस्तीस फुटी खांबाला पाया हवा आणि पायाला परवानगी. मी एका कार्यालयात गेलो, नाव सांगत नाही, माणसं सज्जन होती. त्यांच्या फॉर्ममध्ये 'स्तंभाचा उद्देश' या रकान्यात तीन पर्याय होते. मोबाइल टॉवर, जाहिरात, इतर. मी 'इतर'वर खूण करून पुढे 'राष्ट्रध्वज' लिहिलं. टेबलावरचा माणूस ते वाचून उभाच राहिला.

"सर, ये तो बहुत अच्छा काम है," तो म्हणाला. "लेकिन मेरे टेबल का नहीं है."

ज्याच्या टेबलाचं होतं, तो रजेवर होता. त्याच्या शेजारच्याने विचारलं, वरून विजेची तार जाते का? जाते. मग वीजवाल्यांचा दाखला आणा. वीजवाल्यांनी विचारलं, माती तपासली का? मी म्हणालो, मी चित्रकला शिकवतो. ते म्हणाले, मग माती तपासणाऱ्याचा दाखला आणा. बारा तारखेला संध्याकाळी माझ्याकडे पाच कागद होते, त्यांतले तीन माझेच अर्ज होते, आणि खांब अठरा फूटच होता.

त्या रात्री जेवायला बसलो. खरं सांगायचं तर घाबरलो होतो. पंधरा तारखेला सगळे जमणार, मुलं जमणार, आणि पंपरूमवर रिकामा खांब. जुना झेंडा मीच बाद केलेला. वर्षानुवर्षं जिथे झेंडा चढला तिथे माझ्या जिभेमुळे काहीच चढणार नाही. तोंड न दाखवण्याची प्रतिज्ञा मी केली होती, पण ती पाळायची तर राहायचं कुठे?

"शिवून घ्या," नलिनी म्हणाली. "आता मिलच्या कापडाचाही चालतो, तुम्हीच सांगता."

"कुणाकडून?"

तिने आमटी वाढली.

मी आधी बाजारातले तीन शिंपी केले, हे कबूल करतो. तिघांनीही हात जोडले. राष्ट्रध्वज म्हटल्यावर एक तर म्हणाला, "साहेब, ब्लाउज बिघडला तर बाई ओरडते. झेंडा बिघडला तर कोण ओरडेल, सांगा."

कापडाचं काम सुकदेवने केलं. त्याच्या कारखान्याच्या आवारात पंचेचाळीस फुटी खांब आहे आणि तिथला झेंडा विरला होता. साहेबांशी बोलून त्याने आमचा बारा फुटी तिकडे द्यायचं ठरवलं. बदल्यात, त्याच झेंड्याला नमुना धरून, केशरी आणि हिरवा हुबेहूब रंगवून आणला. मी कापड खिडकीशी नेऊन पाहिलं. सुकदेव म्हणाला, "सर, काय पाह्यता? मशीनवर पास हाये." मसाटच्या खांबावर आता तो झेंडा डौलाने फडकतो. तिथल्या पाटीवर देणगीदार म्हणून रमाकांतांचं नाव आहे, कारण पत्र त्यांनी लिहिलं होतं.

चौदा तारखेला सकाळी शाळेतून अर्धी रजा घेऊन मी कापडं काखेत मारून तळमजल्यावर गेलो. कुसुमताई गणवेशाची बटणं लावत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "या सर. बसा."

मी बसलो. तीस वर्षं मी फळ्यासमोर बोलतोय, पण त्या स्टुलावर मला वाक्य जुळेना. शेवटी म्हणालो, "कुसुमताई, त्या दिवशी मी बोललो ते… तुमचं नाव घ्यायचं नव्हतं मला."

"नाव कुठं घेतलं तुमी?"

"झेंडा शिवून द्याल का? उद्याला. या खेपेला मी माप नीट काढून देतो."

त्यांनी सुई ठेवली. उठल्या, मशीनखालचा पत्र्याचा डबा ओढला आणि जुन्या कॅलेंडरच्या गुंडाळीतून एक खाकी कागद काढून माझ्या मांडीवर पसरला. झेंड्याचा कापायचा नमुना होता. तीन पट्टे, मध्ये चक्र, कंपासच्या टोकाची भोकं, रेषा एवढ्या स्वच्छ की पाहून मला आनंद झाला. मी म्हणणार होतो, कुणाचा हात आहे हा. मग खाली कोपऱ्यात पाहिलं. 'प्रमाण तपासले. ग. वि. नाटेकर. १०/८/१३.' अक्षर माझं. सहीखालच्या दोन रेघाही माझ्याच.

बारा वर्षांत मी किती मखरं, किती पाट्या, किती स्नेहसंमेलनांचे पडदे आखले. हे साफ विसरलो होतो. पण शपथ घेऊन सांगतो, कागद बघितल्याबरोबर सगळं आठवलं. छत्तीस बाय चोवीस, आठ-आठ इंचाचे तीन पट्टे. वर आणि खाली दुमडायला मी अर्धा अर्धा इंच जादा धरला होता, तेवढी अक्कल होती. जोडाला मात्र काहीच धरलं नव्हतं. कागदावर दोन रंग एका रेघेवर भेटतात. कापडात ते एकमेकांच्या आत शिरतात आणि दोघांचंही थोडं जातं. केशरी आणि हिरव्याचा एकेक जोड, त्यांचा अर्धा-अर्धा इंच गेला. पांढऱ्याला दोन्हीकडून जोड, त्याचा एक इंच गेला.

"जोडाले माया सोडाले नको का, इचारलं व्हतं मी," कुसुमताई म्हणाल्या. शिवणीत जाणाऱ्या जादा कापडाला माया म्हणतात, हे मला त्या दिवशी नीट कळलं. "तुमी म्हनले, जसं काढेल हाये तसंच कापा. मापाशी खेळायचं नाही."

असं मी म्हणालोच असणार. रोज म्हणतो.

"मग दोन तारखेला का नाही बोललात?" माझा आवाज जरा चिरका निघाला. "तिथल्या तिथे सांगायचं! हा कागद दाखवायचा!"

"एवढ्या लोकांमधी?" त्या म्हणाल्या. "तुमच्या शाळेचे पोरं व्हते ना, सर."

ज्या मुलांना हसवायला मी त्यांची टर उडवली, त्याच मुलांसमोर माझी फजिती होऊ नये म्हणून त्या बुंदीची परात घेऊन गप्प बसल्या होत्या. मला लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. त्यांनी बहुधा ते पाहिलं, कारण त्या म्हणाल्या, "चहा ठिवते. तुमी पेन्सिल काढा."

दुपारभर आम्ही दोघं कामाला लागलो. त्याच खाकी कागदावर मी नवं माप आखायचो आणि त्या पुसायला लावायच्या. "इथं धरा अर्धा. इथं बी. याले दोन्हीकडून." मी धरलं. कात्री त्यांची. शिवण मारून झाल्यावर मी पट्टी लावली, आठ, आठ, आठ. मग पांढऱ्यावर दोन्ही बाजूंनी चक्र रंगवलं, पंधरा-पंधरा अंशांवर एकेक आरा, आणि वर-खाली मोकळी जागा राहिली. कुसुमताईंनी आरे मोजले. मी चोवीसच काढलेत म्हटलं, तरी मोजले. नलिनी खाली आली, आमच्याकडे बघून पोह्यांच्या बशा ठेवून गेली. जुन्या झेंड्याला संध्याकाळी गच्चीवर, गाजावाजा न करता, नियमात सांगितलंय तसा अग्नी दिला. काडी कुसुमताईंनी लावली आणि वारा अडवायला मी उभा राहिलो.

पंधरा ऑगस्टला पावसाने दहा मिनिटं उसंत दिली. अध्यक्ष यायचेच होते. दोरी ओढायचा मान रमाकांतांनी 'ज्येष्ठ सभासद' म्हणून मला देऊ केला, तो मी कुसुमताईंकडे ढकलला, आणि त्यांनी कपाळाला आठ्या घालत एका झटक्यात झेंडा मोकळा केला. राष्ट्रगीत झालं. रमाकांत म्हणाले, "आता नाटेकर सर, ध्वजाच्या अर्थावर दोन शब्द."

चोवीस आऱ्यांवर मी चोवीस मुद्दे लिहून आणले होते. ते खिशातच ठेवले आणि दुसऱ्या खिशातून तो खाकी कागद काढला. रात्रीच ठरवलं होतं. समोर तीच मुलं होती.

"पांढरा रंग सत्याचा," मी म्हणालो. "त्याला अर्धा इंच जागा कमी दिली, असं मी दोन तारखेला म्हणालो. कुणी दिली ते सांगायचं राहिलं. मी दिली. हे माझं माप, ही माझी सही. कुसुमताईंनी तेव्हा विचारलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, आणि ते पुष्कळ सोपं गेलं असतं. मागून एका मुलीने विचारलं, "सर, मग तुमचे मार्क कापायचे का?" मी म्हटलं, कापा. तेव्हा कुठे सगळे हसले, कुसुमताईही.

रमाकांतांनी लगेच तो कागद सोसायटीच्या फायलीला लावायला मागितला. कुसुमताईंनी मध्ये हात घालून काढून घेतला. "फाइलीत नको. पुढच्या येळेले लागंल," असं म्हणून त्यांनी माझ्याच खिशातली पेन्सिल घेतली आणि कागद बुंदीच्या परातीच्या पालथ्या झाकणावर टेकवला. नवे आकडे एकदा निरखले. मग माझ्या बारा वर्षांपूर्वीच्या सहीखाली, सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिलं, 'जोडाला माया सोडणे. तपासले. कुसुम.'

आणि खाली दोन रेघा मारल्या.